अर्ध्या तोंडाची गाडी

मिसळीचा पहिला घास तोंडात जायच्या आतच आकाराम सुतारांचा हात थांबला. नात निशिगंधा त्यांना राधानगरी रस्त्यावरच्या नव्या हॉटेलात हौसेनं घेऊन आली होती, आणि हॉटेलाच्या बागेत, आंब्याखाली, चक्क अर्धतोंडी उभी होती.

तसली गाडी आता बघायलाही मिळत नाही. ड्रायव्हर एकटा एका खुराड्यात, त्याच्या शेजारी इंजिनाचं नाकाड, आणि उतारू सगळे मागं. समोरून निम्मं तोंड कुणी कापून नेल्यासारखी दिसायची, म्हणून आकाराम सुतारकामाला होते त्या मोटार कंपनीच्या वर्कशॉपात तिला हे नाव पडलं होतं. त्यांच्या कंपनीत तसली एकच होती, आणि ती चाळीस वर्षांपूर्वी गॅसनं कापून भंगारात गेली होती. आकारामांना हे पक्कं ठाऊक होतं, कारण तशी साक्ष त्यांनी स्वतःच दिली होती.

ते उठून गाडीत चढले. कुणा हौशी माणसानं परमुलखातून दुसरी आणली असेल, असं त्यांनी मनाला बजावलं आणि ड्रायव्हरच्या खुराड्यात वाकून बघितलं. डाव्या अंगाला जोतिबाच्या तसबिरीसाठी केलेली सागवानी देवळी होती, आणि तिची कमान उजवीकडं गव्हाभर उतरलेली. कमान कोरताना पटाशी घसरली तो दिवससुद्धा त्यांना आठवला. देवळी त्यांच्याच हातची होती.

गाडी मोडायची ठरली त्या दिवशी वर्कशॉपातल्या लोकांनी तिला हळदकुंकू वाहिलं, हार घातला. नारळ आकारामांनी फोडला. मग ते वळले आणि सरळ घरी येऊन त्यांनी डोक्यावरून पाणी घेतलं. मयतीहून येताना मागं बघायचं नसतं, तेच या शहाण्या माणसानं मोटारीलाही लावलं. दुसऱ्या दिवशी आवारात कापलेल्या पत्र्याचा ढीग दिसला, विषय संपला. गेटवरचा वॉचमन अण्णाप्पा, त्यांचा जिवाचा दोस्त, मात्र सांगत सुटला की गाडी संध्याकाळी आपल्या चाकांवर गेटातून बाहेर गेली, मालकाच्या मेव्हण्यानं ती परस्पर विकली. चौकशी बसली. आकारामांनी अंबाबाईची शपथ घेऊन सांगितलं की गाडी माझ्यासमोर मोडली. आपण खोटं बोलतोय असं त्यांना तेव्हा वाटलंही नाही. नारळ समोर फुटला, म्हणजे गाडीही समोरच मोडली, असा त्यांचा सरळ हिशेब. अण्णाप्पाची नोकरी गेली. वर आकारामांनी, माणसावर नसता आळ घेतो म्हणून, त्याच्याशी बोलणंच टाकलं.

आता ते गाडीतून खाली उतरले. मिसळ तशीच टाकून त्यांनी निशिगंधाला गाडीचा फोटो काढायला लावला आणि थेट अण्णाप्पाच्या घरी, हातकणंगल्याला चल म्हणून सांगितलं.

अण्णाप्पा सोप्यात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसला होता. आकारामांना बघताच त्याची बायको रत्नाबाई आत निघून गेली. आकारामांनी उभ्या उभ्याच नातीचा फोन त्याच्या हातात दिला.

"मी बघितलंच न्हवतं, अण्णाप्पा. नारळ फोडला आन् पाठ फिरवून घरला आलतो. तू खरा हुतास."

अण्णाप्पा फोटोकडं बघत राहिला. त्यानं शिव्या घालाव्यात, पायातली चप्पल काढावी, असं आकारामांना अगदी मनापासून वाटत होतं. शिव्या खाऊन निदान मान वर करता आली असती.

"तू शपथेवर बोललास," अण्णाप्पा शांतपणे म्हणाला. "आन् तू खोटं बोलत न्हाईस ह्ये मला ठावं हुतं की. मग मीच म्हटलं, माझंच डोळं चुकलं असतील. तवापास्नं मला माझ्या डोळ्यांचा भरवसा न्हाई, आकाराम. रस्ता वलांडायचा झाला तरी मी हिला इचारतो, गाडी येतीया का म्हणून."

आकाराम त्याच्या शेजारी खाली बसले.

अण्णाप्पानं फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. मग त्यानं रत्नाबाईला बाहेर बोलावलं आणि फोन तिच्यापुढं धरून विचारलं, "हितं गाडी दिसतीया न्हवं?"