शेपटाकडचे दोन सेंटिमीटर

मित्रांनो, मी एक जुनी पोलादी पट्टी आहे. लांबी तीस सेंटिमीटर, रुंदी तीन बोटे. माझ्यावरच्या पहिल्या चार खुणा आता दिसत नाहीत. बाकीच्या कालच कोरल्यासारख्या ठसठशीत आहेत. असे का झाले, तेच तुम्हाला सांगायचे आहे. ऐकायला जड जाईल, पण मन घट्ट करून ऐका.

एका पत्र्यातून आम्ही बाराजणी निघालो. कुणी शाळेत गेली, कुणी शिंप्याकडे, कुणी सुताराकडे. मी गेले एका सांजपत्राच्या कचेरीत. दुपारी दोनला छपाईला जायचे आणि दिवेलागणीच्या आत घरोघर पोचायचे, असे ते वर्तमानपत्र. तिथे तिसऱ्या मजल्यावर काचेच्या उतरत्या मेजापाशी पाने लावणारे एक गृहस्थ उभे असत. सगळी कचेरी त्यांना काका म्हणे. वयाने मोठ्या असलेल्या संपादकबाईसुद्धा काकाच म्हणत.

बातम्या लांबट कागदी फितींवर छापून येत. काका त्या पानावर मांडत, मला लावून जागा मोजत आणि जास्तीचा मजकूर माझ्या कडेने पाते ओढून उडवत. कापायचा नियम एकच, शेपटाकडून. बातमी लिहिणारेही तशीच लिहीत. महत्त्वाचे वर, उरलेले खाली. त्यामुळे शेपूट न वाचता कापले तरी बातमी जगते, अशी साऱ्यांची खात्री होती. कापताना काका एक ओळ गुणगुणत, “सान आणि थोर, त्याच्या दारी एक.” गळा गोड होता त्यांचा. ओळ देवाची आणि पाते हातात, हे कुणाला खटकले नाही. मलाही नाही.

“माणूस चुकेल, पट्टी चुकायची नाही,” असे काका म्हणत, आणि मी फुलून जाई. मी मोजेन तेवढेच जग, असे मला वाटू लागले होते. गर्व बरा नव्हे म्हणतात, ते पोलादालाही लागू आहे.

त्या वर्षांत बॉम्ब आणि गोळीबाराच्या बातम्या वरचेवर येत. कुणाला किती जागा द्यायची, हे बाई ठरवत. एकदा काकांनी विचारले, “बाई, हे गाव आलं कुठं?”

“विचारावं लागतंय ना तुम्हाला? मग पान पाच,” बाई म्हणाल्या. “ज्या शहराचं चित्र वाचकाच्या भिंतीवर कॅलेंडरात लागलंय, ते पान एक. तिथं काही झालं की लोकांना आपल्याच अंगणात झाल्यासारखं वाटतं. मी नाही केलं हे काका, लोकांचं मनच तसं आहे.”

बाई दुष्ट नव्हत्या. त्यांच्या खणात खोकल्याच्या गोळ्या असत आणि त्या सगळ्यांना वाटत. पण पान पाचवरची मरणे बहुधा चार सेंटिमीटरांत बसत. रोज त्याच चार खुणांवर काकांचा अंगठा टेकायचा, रोज तिथेच घासायचा. माझ्या खुणा अशा झिजल्या, मित्रांनो.

मग तो दिवस आला. समुद्राकाठच्या एका नामांकित राजधानीत नाटकगृहाच्या दारात स्फोट झाला. अकरा माणसे गेली. त्याच सकाळी उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखात एका बाजारगावी बसथांब्यावर स्फोट झाला. तिथे त्रेचाळीस गेली. पहिल्या बातमीला अख्खे पान मिळाले. नकाशा, जळका बूट, आणि दारात मालकाची वाट पाहत बसलेल्या कुत्र्याचे चित्र. ते चित्र पाहून काकांचे डोळे भरले. ते अश्रू खोटे नव्हते. ती अकरा माणसेही कुणाची तरी होतीच.

दुसरी बातमी फितीवर दहा सेंटिमीटर होती. जागा चार. दीड वाजून गेला होता. काकांनी मला आडवे लावले आणि पाते ओढले. सहा सेंटिमीटर टोपलीत पडले. उरलेले चार पान पाचवर, उद्याच्या तापमानाशेजारी बसले.

चौथ्या दिवशी सकाळी काकांची धाकटी बहीण जिने चढून कचेरीत आली. तिचा एकुलता एक मुलगा दोन महिन्यांपूर्वी पाण्याचे नळ टाकायच्या कामावर गेला होता. कुठे, तर उत्तरेला. ती दर रविवारी फोनवर गावाचे नाव सांगायची आणि काका दर रविवारी “हो हो” म्हणायचे. ते नाव त्यांच्या डोक्यात कधी राहिलेच नाही.

“दादा, तो गेला,” ती म्हणाली. “काल त्याच्याबरोबरचा माणूस परत आला, त्यानं सांगितलं.”

काकांनी हातातले पाते खाली ठेवले.

“तुझ्या पेपरात बातमी वाचली होती मी. गावाचं नाव वाचून काळजाचं पाणी झालं. फोन तर लागतच नव्हता. पण खाली नावं नव्हती. म्हटलं, माझा दादा बसलाय ना तिथं, काही असतं तर त्यानं पाहिलं असतं. म्हणून मी गेले नाही. दोन दिवस घरात बसले. ज्यांना न्यायला कुणी आलं नाही, त्यांना परवा संध्याकाळी एकाच खड्ड्यात मूठमाती दिली. त्याच्या खिशात ओळखपत्र होतं, दादा. नाव ठाऊक होतं त्यांना.”

कापलेले कागद रद्दीत जायच्या आधी आठवडाभर पोत्यात पडून असत. काकांनी पोते जमिनीवर ओतले आणि गुडघे टेकून शोधू लागले. कुणी मदतीला पुढे झाले नाही. बाई दारात उभ्या होत्या. शेवटी तो तुकडा सापडला. काकांनी तो छापलेल्या बातमीखाली ठेवला. कड सरळ होती, माझ्याच कडेने कापलेली. तुकडा अगदी चपखल बसला.

शेवटी ओळ होती, ‘ओळख पटलेल्या मृतांची नावे’. पुढे सात नावे. सहावे तिच्या मुलाचे.

“नावांना किती जागा लागली असती?” तिने विचारले.

काकांनी मला उचलले. मला त्या नावांच्या कडेला लावले. “दोन सेंटिमीटर.”

“आणि त्या कुत्र्याला किती दिलीस?”

“अकरा.”

“लहानपणी खाऊचे वाटे तूच करायचास,” ती म्हणाली. “कणभर इकडचं तिकडे व्हायचं नाही. आई म्हणायची, याच्या हातात तराजू आहे. मग इथं काय झालं रे तुला?”

काका उठून बाईंसमोर उभे राहिले. “आज छापू या नावं. सातही.”

“काका, तीन दिवस झाले,” बाई हळू आवाजात म्हणाल्या. “आज दुसरीकडे झालंय काहीतरी.” आणि त्यांनी मान खाली घातली. नावे कधीच छापली गेली नाहीत.

त्यानंतर काकांचे गुणगुणणे थांबले. ते प्रत्येक शेपूट मोठ्याने वाचत आणि मगच कापत. पोरेटोरे म्हणत, “काकांचं पारायण सुरू झालं.” पाने उशिरा जाऊ लागली आणि बोलणी बसू लागली. जागा तर तेवढीच होती, त्यामुळे वाचूनही कापावे लागेच. पण निदान एका माणसाच्या तोंडून ती नावे एकदा उच्चारली जात.

पुढे संगणक आले. मी आधी खणात पडले, मग खडखडणाऱ्या खिडकीत पाचर म्हणून अडकले. पावसाने एका टोकाला गंज चढला. निवृत्त होताना काकांनी मला तिथून काढले आणि बहिणीकडे नेले. तिने तो सहा सेंटिमीटरांचा तुकडा माझ्या पाठीवर चिकटवला.

मित्रांनो, आता बातम्या तुमच्या खिशात असतात. तिथे कागद नाही, जागेची टंचाई नाही, माझ्यासारखी पट्टीही नाही. तरी एका शहरासाठी सारे जग दिवे लावते आणि दुसऱ्या गावावरून अंगठा पुढे सरकतो. अंगठा कसा घासतो ते मला ठाऊक आहे. म्हणून विनवते, अनोळखी गावाची बातमी दिसली तर शेपटापर्यंत वाचा. ते गाव कुठे आहे, हे एकदा तरी कुणाला विचारा.

दरवर्षी त्या तारखेला दोघे भाऊबहीण मला पालथे ठेवून बसतात. पहिल्या वर्षी काकांनी चष्मा लावला आणि थेट भाच्याच्या नावावर बोट ठेवले. बहिणीने ते बोट धरून वर सरकवले.

“पहिल्यापासून वाच, दादा,” ती म्हणाली. “त्यांच्याही आया आहेत.”