वल्लकीचं यमक

माझ्या नातीच्या बारशाचा पाळणा मी विमानात बसण्याआधीच रचून ठेवला होता. तिचं नाव तेव्हा मला कुणी सांगितलेलं नव्हतं. पण मला ते माहीत आहे, असं मी धरूनच चालले होते.

रेवा.

ते मुळात माझं नाव. माझं माहेर मंडलेश्वरचं, नर्मदेच्या काठावरचं. वडिलांनी नदीचं जुनं नाव मला ठेवलं. पुढे सांगलीला लग्न झालं, ताटातल्या तांदळांवर अंगठीनं ‘दमयंती’ लिहिलं गेलं आणि भरल्या मांडवात रेवा संपली. सासरी ते नाव कुणी घेतलं नाही. माहेरी घेणारे एकेक करून गेले. ईशाला, माझ्या सुनेला, दिवस गेल्याचं कळलं तेव्हा मी ऋतुराजला फोनवर विचारलं होतं, “मुलगी झाली तर रेवा कसं वाटतं रे?”

“मस्त आहे, आई,” तो म्हणाला.

मला तेवढं पुरलं. एकुलता एक मुलगा, त्यानं मस्त म्हटलं म्हणजे ठरलंच. हे माझं नाव होतं हे काही मी त्याला सांगितलं नाही. बारशात सांगायचं, असं मनात होतं. आमच्याकडे बारशापर्यंत नाव फोडत नाहीत, त्यामुळे पुन्हा विचारायचा प्रश्न नव्हता. मी पाळणा रचायला घेतला. यमकं तर नुसती दारात उभी होती. मेवा, ठेवा, देवा. हेवासुद्धा होता. तो तेवढा मी बाहेर ठेवला.

दोन हजार चौदाच्या मार्चमध्ये मी अप्पर हटला पोहोचले. ऋतुराज तिथून रोज आगगाडीनं वेलिंग्टनला ऑफिसात जातो. घराच्या मागे डोंगर, पुढे लहानशी बाग, आणि घरात आधीच येऊन राहिलेल्या सुमेधाताई. ईशाची आई. पहिलं बाळंतपण माहेरचं, तेव्हा त्यांनी आधी येणं रीतीला धरूनच होतं. रीत मला मान्य होती. पण मी दारात उभी असताना त्यांनी आतून येऊन, “या, या, दमयंतीताई, दमला असाल,” असं म्हटलं, ते मला मान्य झालं नाही. माझ्या मुलाच्या घरात माझं स्वागत करणाऱ्या या कोण?

त्यातून माझे आळीव विमानतळावरच काढून घेतले. बी-बियाणं या देशात चालत नाही म्हणे. सुमेधाताईंचे डिंकाचे लाडू मात्र सुखरूप आले होते आणि डब्यात निम्मे उरलेही होते.

“अहो, मला विचारायचंत ना,” त्या म्हणाल्या. “मी आधी ऋतुराजरावांना सगळे नियम बघायला लावले होते.”

मसाल्याचा डबा त्यांच्या हातानं लागलेला. बाळाचं न्हाणं त्यांच्या पायांवर. पोरगी माझ्याकडे रडायची आणि त्यांच्या खांद्यावर गेली की गप्प व्हायची. ईशा आम्हा दोघींनाही आईच म्हणायची, पण त्या दोन हाकांतला फरक मला स्वयंपाकघरातूनही कळायचा. एक हाक पळत जायची, दुसरी चप्पल काढून आत यायची.

मी मनाला समजावत होते, असू दे. नाव तर माझं आहे.

बारशाच्या आदल्या दिवशी जुई आली. ती नाशिकची, इथल्या हॉस्पिटलात नर्स. ऋतुराजला बहीण नाही, म्हणून आत्याचा मान तिला दिला होता. मी तिला कपडे वाळत घालायच्या निमित्तानं मागे नेलं.

“नाव कळलंय ना तुला?”

“काकू, मी काही बोलणार नाही. नाव फोडलं तर ऋतुराज साडी देणार नाही मला.”

“बोलू नकोस. नुसतं एवढं सांग, जुनं आहे ना?”

“हीप्स जुनं,” जुई हसत म्हणाली. हीप्स म्हणजे इथल्या बोलीत खूप. “एकदम पोथीतलं.”

“आणि छोटं?”

“ते आता मोजून सांगायला लागेल,” असं म्हणून ती चिमटे माझ्या हातात देऊन पळाली. मला ते पुरेसं होतं. पाळण्याचं शेवटचं कडवं मी त्या संध्याकाळी पुन्हा घोटून घेतलं.

बाळाला घालायचा पाळणा दूरच्या हेन्डरसन गावाहून आला होता. तिथल्या कुणाचा तो लाकडी पाळणा एका घरातून दुसऱ्या घरात असा सगळ्या देशभर फिरतो आणि प्रत्येक घर त्याला नवी झालर लावतं. ईशानं शेवंती लावली. दहाबारा मराठी बायका जमल्या होत्या. शेजारच्या घरातली व्हॅल नावाची गोरी आजीही आली. ऐंशीच्या घरातली, जाकिटावर ब्रोच लावून.

पाळण्याच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला सुमेधाताई. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या, असं म्हणत बाळाला पाळण्याच्या खालून वरून एकमेकींकडे द्यायचं. माझ्याकडे आली की मी तिला जरा उशिराच परत देत होते.

“द्या की, दमयंतीताई,” त्या हसून म्हणाल्या. “माझी पण नात आहे.”

मग जुई वाकली. बाळाच्या कानाशी तिनं कुर्रर्र केलं, आणि बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाधप धपाटे घातले. व्हॅल घाबरून उठली. तिला वाटलं, पोरीचं काही चुकलं म्हणून मारताहेत. सगळ्या हसल्या. मी हसले नाही. माझं लक्ष जुईच्या तोंडाकडे होतं.

“बाळाचं नाव आहे,” जुई सरळ होत ओरडली, “वल्लकी!”

मी क्षणभर पुढच्या शब्दाची वाट पाहिली. पुढे काही आलं नाही.

“अय्या, म्हणजे काय?” कुणीतरी विचारलं, आणि सगळ्यांच्या माना सुमेधाताईंकडे वळल्या. त्या पुण्याच्या शाळेत संस्कृत शिकवायच्या. पदर सावरून त्यांनी सांगितलं. वल्लकी म्हणजे वीणा. वीणेचं फार जुनं नाव, आता कोशातच राहिलेलं. ईशाला डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं होतं, तेव्हा त्या पुण्याहून रोज स्काइपवर तिला कोशातले शब्द वाचून दाखवायच्या. एका संध्याकाळी ईशा म्हणाली, “आई, थांब. हाच परत म्हण.”

अर्थ त्यांचा, उगम त्यांचा, ती संध्याकाळ त्यांची. शब्दात खोट काढावी म्हटलं तर खोटही नव्हती. चांगला गोड शब्द होता, आणि तेच मला जास्त लागलं.

तेवढ्यात व्हॅलनं ते नाव दोनदा घोळवून पाहिलं, दुसऱ्या अक्षराशी अडकली, आणि छातीवर हात ठेवून चीत्कारली, “व्हॅल! माझंच नाव!” ईशानं तिला मिठी मारली. कुंपणापलीकडच्या बाईलासुद्धा नातीच्या नावात वाटा मिळाला. राहिले ती मी एकटी.

“आता पाळणा!” जुई म्हणाली. “काकूंनी स्वतः रचलाय.”

नाही म्हणायला हवं होतं. पण ऋतुराजनं फोन वर धरून चित्रण सुरूही केलं होतं. मी सुरुवात केली.

*आकाशी चांदणं, अंगणी मेवा,*
*आमच्या घराला लाभला ठेवा,*
*औक्ष उदंड दे रे देवा,*
*पाळण्यात निजली…*

तिथं माझा आवाज थांबला. बायकांना वाटलं, नाव त्यांनी म्हणायचंय. एका सुरात त्या म्हणाल्या, “वल्लकी!” आणि यमक असं काही धाडकन आपटलं की सगळं घर हसलं.

सुमेधाताई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी हलक्या आवाजात बोटांवर मोजत म्हटलं, “मेवा, ठेवा, देवा…” मग माझ्याकडे पाहिलं. “दमयंतीताई, तुमच्या मनात रेवा होतं का?”

“अगं हो!” ऋतुराज म्हणाला. “तू एकदा फोनवर म्हणाली होतीस. पण ते सहज ना, आई?”

“सहजच.”

“रेवा कोण पण?” ईशानं विचारलं.

“मी,” मी म्हटलं. “लग्नाआधी.”

ऋतुराजचा फोन खाली आला. “तुझं नाव बदललं होतं? मला कधी बोलली नाहीस.”

“तू कधी विचारलं नाहीस.”

बायका पाळण्याच्या झालरीकडे पाहू लागल्या. तेव्हा सुमेधाताई पुढे झाल्या आणि माझा हात धरून म्हणाल्या, “मग काय बिघडलं? पाळण्यातलं नाव रेवा ठेवू या. कागदावर वल्लकी, घरात रेवा. काय गं ईशा?”

ईशानं लगेच मान हलवली. माझं नाव माझ्यासमोर होतं. नुसतं हो म्हणायचं होतं. पण ते ज्या हातातून येत होतं तो हात मला नको होता. माझं माहेर, माझी नदी, माझ्या वडिलांनी ठेवलेलं नाव, आणि ते या बाईनं मला प्रसादासारखं द्यायचं?

“नको,” मी हात सोडवून घेतला. “एका मुलीला एकच नाव पुरे. दोन नावांचं काय होतं ते मला विचारा.”

“किती मोठं मन आहे काकूंचं,” मागे कुणीतरी म्हणालं. जुई मात्र माझ्याकडे बघत होती. “चला, घुगऱ्या घ्या,” ती म्हणाली. “गार होतायत.”

मे महिन्यात सुमेधाताई पुण्याला परतल्या. विमानतळावर त्या वल्लकीला छातीशी धरून रडल्या. मी बाबागाडी धरून उभी होते. घरी आल्याआल्या मी मसाल्याचा डबा माझ्या पद्धतीनं लावला.

ईशा कामावर रुजू झाली, आणि जुलैच्या थंडीत दिवसभर घरात आम्ही दोघीच. एका सकाळी पोरगी सतरंजीवर पालथी पडून खुळखुळ्याशी खेळत होती. बाहेर वारा पत्रे वाजवत होता. ऐकणारं कुणी नव्हतं. मी मागून हाक मारली, “रेवा.”

तिनं वळून पाहिलं नाही.

मी पुन्हा हाक मारली, जरा मोठ्यानं. खुळखुळा वाजतच राहिला. इतक्यात व्हॅल कुंपणाशी आली आणि खिडकीतून हात हलवत ओरडली, “मॉर्निंग, लिटल व्हॅल!” पोरगी लगेच मान वर करून खिदळली.

मला इतका राग आला की मी पडदाच ओढला. मग मी तिच्यासमोर जमिनीवर बसले, गुडघे दुखत होते तरी, आणि नातीचं नाव पहिल्यांदा नीट घेतलं. तोवर मी तिला बाळ, सोनू, ठमाबाई काहीही म्हणत आले होते.

“वल्लकी.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. खुळखुळा टाकला आणि सरकत माझ्या पदरापाशी आली.

अर्थ पुण्याला गेला होता. अर्धं नाव कुंपणापलीकडे होतं. पण यमकं अजून कुणी शोधलेली नव्हती. तिला मांडीवर घेऊन मी ती शोधत बसले. लाडकी, बोलकी, गिरकी, डुलकी. परकी हेही आलं, अगदी न बोलावता. त्याला मी पडद्याबाहेर ठेवलं.

*वाऱ्यानं घेतली गिरकी,*
*डोळ्यांत आली डुलकी,*
*आजीची लाडकी, बोलकी,*
*नीज गं नीज वल्लकी.*

चार दिवसांत असं झालं की तो पाळणा म्हटल्याशिवाय ती झोपेना. ऋतुराजनं म्हणून पाहिला, ईशानंही पाहिला. तिला माझाच लागायचा.

त्या रविवारी स्काइपवर सुमेधाताई आल्या. वल्लकी माझ्या मांडीवर होती. त्यांचा आवाज ऐकून ती संगणकाच्या पडद्याकडे झेपावली, तसा मी हात जरा घट्ट केला.

“दमयंतीताई, नवा पाळणा रचलाय म्हणे! ईशा सांगत होती, तिला भारी आवडतो. मला लिहून पाठवा ना. मी इथून म्हणत जाईन तिला.”

“पाठवते हं,” मी म्हटलं. “पण सुमेधाताई, आज तुमचा आवाज फार तुटतोय. नंतर बोलू या.”

ईशा शेजारीच बसली होती. आवाज अजिबात तुटत नव्हता. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आपल्या आईकडे, आणि उठून चहा ठेवायला गेली.

पाळणा मी अजून पाठवलेला नाही.