वीतभर आतड्याची बदली

मित्रांनो, मी आतड्याचा एक वीतभर तुकडा आहे. नाक मुरडू नका. तुमच्याही पोटात माझी भावंडं मुकाट्याने राबत आहेत. मी एका चटया विणणाऱ्या बाईबरोबर जन्मलो आणि अन्न पुढे ढकलण्याचं काम इमानेइतबारे करत आलो.

ही बाई लहानपणापासून कालव्याच्या गुडघाभर पाण्यात लव्हाळे कापायची. त्या पाण्यातल्या गोगलगायींमधून बारीक जंत बाहेर पडत आणि माणसाच्या कातडीतून अंगात शिरत. तिची लघवी लाल झाली, तेव्हा घरचे म्हणाले, "उष्णता झाली असेल. पाणी पी भरपूर." तिथल्या सगळ्याच पोरांना तसं व्हायचं, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. जंतांची अंडी मात्र वर्षानुवर्षे किडनीतून लघवी खाली आणणाऱ्या नळ्यांत साचत गेली. नळ्या कडक होऊन आवळल्या. लघवी तुंबून एक किडनी कायमची गेली, दुसरीही सुजली. बाईची मुलगी तेव्हा जेमतेम बोलायला लागली होती.

"उरलेल्या किडनीची ही नळी आता दुरुस्त होणार नाही," सर्जनबाई म्हणाल्या. "तुमच्याच आतड्याचा तुकडा तिच्या जागी जोडू."

"जोडा," बाई म्हणाली. "पण माझ्या पोरीला पोरकं करू नका."

अशी माझी बदली झाली. भावंडांपासून तुटताना जीव कासावीस झाला. मी एकाच दिशेला ढकलतो, उलटा बसलो असतो तर लघवी किडनीकडेच परत लोटली असती. म्हणून सर्जनबाईंनी माझ्या वरच्या टोकाला दोरा बांधला होता. मला धुताना नेमका तोच सुटला.

"मॅडम, वरचं टोक कुठलं?" मदतनीस डॉक्टरांनी विचारलं.

"कुणी घाई करायची नाही. तोच सांगेल."

त्यांनी मला हलकेच चिमटा काढला आणि सगळे निरखून बघत राहिले. जन्मभर अंधारात राबलो, माझ्याकडे असं कुणी कधी पाहिलं नव्हतं. मी सगळं बळ एकवटून आकसलो. लाट एका टोकाकडे सरकली.

"हे बघा, हे खालचं," सर्जनबाई म्हणाल्या, आणि मला टाके पडले.

पुढे लघवीत चिकट धागे दिसले, तेव्हा बाई घाबरली. डॉक्टर हसले. "आतडं असा चिकट स्राव सोडतंच, जुनी खोड आहे त्याची, चालायचंच." मी मनातून ओशाळलो, पण काम सोडलं नाही. उरलेली किडनी वाचली.

आता बरीच वर्षं लोटली, मी थकलोय. परवा मुलगी घरात आली. आईला न सांगता ती मैत्रिणींबरोबर कालव्यात डुंबत असे.

"आई, लघवी लाल झालीय. उष्णता झाली असेल ना गं?"

बाईच्या हातून अर्धी विणलेली चटई गळून पडली. तिने पोरीचं मनगट धरलं. "उष्णता नाही ही. चल, आधी दवाखान्यात चल!"

तिथे पोरीला जंतांच्या गोळ्या मिळाल्या. तिच्या नळ्या अजून धडधाकट आहेत.

मित्रांनो, लघवीत लाल दिसलं तर लाजून गप्प बसू नका, घरी लगेच सांगा. मी माझं काम शेवटपर्यंत करीन. पण त्या पोरीच्या आतड्याने जन्मभर फक्त अन्नच ढकलावं, एवढीच माझी इच्छा आहे.