आवळलेलं जाळं

पाणी होतं निवांत, पाण्यात होते मासे, आणि माशांच्या जिवावर आप्पांचं घर होतं. तळं त्यांनी स्वतः राबून उभं केलेलं. मासे कसे पाळायचे हे दुसऱ्या कुणी शिकवलेलं त्यांना खपत नसे.

शिकवलं ते सुनेनं. काढणीला जाळं गच्च आवळलं की खालचे मासे चेंगरतात, वरचे हवेत तोंड मारत गुदमरतात. म्हणून जाळं सैल ठेवायचं, थोडे थोडेच मासे घ्यायचे, आणि कापण्याआधी यंत्राच्या एका झटक्यानं त्यांची शुद्ध घालवायची.

"उद्या त्यांना उशी देशील!" आप्पा हसले होते. तिनं वाद घातला नाही. पुढच्या काढणीला आप्पांचा हात धरून आवळलेल्या जाळ्यात तळापर्यंत घातला. खालची धडपड तळव्याला लागली आणि आप्पांचं हसू गेलं. "पुन्हा आवळणार नाही," त्यांनी शब्द दिला.

आज सकाळी काढणी होती. मासे कोपऱ्यातल्या सैल जाळ्यात आणून ठेवलेले, सून शेडमध्ये यंत्र तपासत होती. तेवढ्यात व्याही आले, सुनेचे वडील. माणूस मोकळा, जीभ त्याहून मोकळी.

"काय व्याहीबुवा, मासे आहेत, की नुसतं पाणीच पाळलंय?"

"आहेत की. खाली आहेत."

"खाली तर आमच्या विहिरीतही असतील! दिसत तर एकही नाही."

थट्टाच ती, पण झोंबली. "बघायचेत?" म्हणेपर्यंत आप्पांचा हात जाळ्याच्या दोरीवर गेला होता. जुन्या हाताला जुनी वाट पाठ. एक हिसका, दुसरा हिसका. पाणी थरथरलं, मग चांदी उकळावी तसं उसळलं. माशावर मासा, त्यावर मासा.

"अहाहा! नाचतायत की!"

आप्पांची छाती फुगली. त्यांनी दोरी आणखी ओढली.

"आप्पा."

सून शेडच्या दारात उभी होती. ती ओरडली नाही. अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात उतरली आणि जाळं सोडू लागली.

"अगं थांब, माझा फोटो राहिला!" व्याही म्हणाले. "व्याहीबुवा, एकदा परत नाचवा बघू. ही फोनवर सारखं तुमचंच कौतुक करते. म्हणते, आमच्या आप्पांइतकं माशांना कुणी जपत नाही."

आप्पांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुनेनं वर पाहिलंच नाही. 'ऊन चढलंय, नंतर बघू' म्हणून वेळ मारून नेता आली असती. तीही काही बोलली नसती. बापासमोर सासऱ्याची लाज झाकावी म्हणूनच ती गप्प होती. हे कळलं, आणि ती झाकलेली लाज आप्पांना उघड्या लाजेहून जास्त भाजली.

"नाचत नव्हते ते," आप्पा म्हणाले. "गुदमरत होते. जाळं आवळणार नाही म्हणून हिला शब्द दिला होता. तुमच्यासमोर शेखी मिरवायला मोडला."

व्याह्यांनी फोन खिशात टाकला. "अहो, मीच उगाच चिडवलं..."

"दोरी माझ्या हातात होती."

आप्पा पाण्यात उतरले. बरेच मासे मोकळ्या पाण्यात निघून गेले होते. काही मात्र कुशीवर पडून तरंगत होते. सून एकेकाला दोन्ही तळव्यांवर तोलून, कल्ले हलेपर्यंत पाण्याखाली सरळ धरत होती. कसं धरायचं ते आप्पांना दिसावं म्हणून तिनं हात जरा बाजूला घेतले.

आप्पांनी एक मासा तसा धरला. जन्मभर मासे पाण्याबाहेर ओढलेले ते हात. आत धरून ठेवायची त्यांना सवय नव्हती. मासा हलेना. तिनं दोन सोडले, तिसरा घेतला. आप्पांचा अजून तळव्यावरच होता.

"आप्पा," ती हळूच म्हणाली, "तो राहू द्या आता. दुसरा घ्या."

पहिला एका हातात तसाच धरून त्यांनी दुसरा घेतला. पहिल्याला कुठं ठेवू, हे विचारायला त्यांना तोंड नव्हतं.