चौथा नंबर, परकं मैदान

अमेरिकन फुटबॉलमध्ये पाय फारसे वापरतच नाहीत, असं लोक मला सांगतात आणि वर हसतात. हसा बापडे. मला नावाचा राग नाही. राग आहे तो त्यांच्या बाद फेरीचा.

बत्तीस संघ. चार-चारचे आठ गट. गटात पहिला आला की बाद फेरीत जागा पक्की, वर पहिला सामना घरच्या मैदानावर. आता गटात चारही दगड असले तरी त्यातला एक दगड पहिला येणारच की! २०२४च्या हंगामात आमच्या मिनेसोटानं सतरापैकी चौदा सामने जिंकले. पण त्याच गटात डेट्रॉइटनं पंधरा जिंकले. झालं! आम्ही पाचवे, आणि दहा जिंकलेल्या लॉस एंजेलिसचे आम्ही पाहुणे. तिकडे वणवे लागले म्हणून सामना ॲरिझोनाला हलवला, तरी यजमान तेच. आम्ही हरलो. घाण खेळलो म्हणून हरलो, नाकारत नाही. पण हरायचंच होतं तर आपल्या घरी, आपल्या माणसांसमोर तरी हरलो असतो.

आता ‘आमचं मिनेसोटा’ कसलं, तर मी इचलकरंजीची. वीस वर्षं कुवेतमध्ये, बर्फ बघितला तो फ्रीजरमधला. मीना अल-अहमदीत एका कंत्राटदाराकडे अकाउंट्स बघायचे तेव्हा तिथल्या मिनेसोटाच्या इंजिनियरनं हे वेड लावलं, जाताना आपली जांभळी जर्सी देऊन गेला. रविवारचे सामने आपल्या रात्री-अपरात्री होतात. मी ते सोमवारी ऑफिसातून आल्यावर बघते. तोवर कुणी निकाल सांगू नये म्हणून फोन तांदळाच्या डब्यात ठेवते. अरुणकुमार, म्हणजे माझा नवरा, बँकेत ऑडिटर. तो शेजारी बसून मटार सोलतो आणि माझ्या प्रत्येक शिवीला “हं” म्हणतो.

हा सगळा राग मी आमच्या मंडळाच्या थ्रोबॉल स्पर्धेवर काढला, आणि तिथं माझी चांगलीच जिरली.

बायकांचे आठ संघ. खैतान, सालमिया, अब्बासिया, मंगाफ, प्रत्येक भागाचे दोन. साखळी सामने दर शुक्रवारी अब्बासियातल्या एका शाळेच्या मैदानावर. उपांत्य फेरी मात्र दर वर्षी वेगळ्या भागात, पाळीपाळीनं. जुना नियम असा, की भागातला पहिला संघ थेट उपांत्य फेरीत. मागच्या वर्षी अब्बासियाच्या नर्सेसचा संघ सहा सामने जिंकून घरी बसला, कारण त्यांच्याच भागातला दुसरा संघ सात जिंकला होता. आणि सालमियाचा संघ तीन जिंकून आत! ड्यूटी करून, डोळे चोळत खेळायला येणाऱ्या त्या मुली. मी मीटिंगमध्ये असा आवाज चढवला की चहावाला बाहेरच थांबला.

आमचे सेक्रेटरी जयरामभाऊ हात जोडून म्हणाले, “वहिनी, तुमचा संघ तरी आहे का तो?”

“नाही. म्हणूनच बोलतेय.”

“मग नियम तुम्हीच लिहा. आम्हाला जेवायला जाऊ द्या.”

लिहिला. जास्त सामने जिंकणारे पहिले चार आत. पहिल्याविरुद्ध चौथा, दुसऱ्याविरुद्ध तिसरा. ज्याचा नंबर वरचा, मैदान त्याचं. आणि एकच सामना. हरलात की संपलं. क्रिकेटवाल्यांसारखं पहिल्याला हरल्यावर आणखी एक संधी वगैरे लाड नाहीत. अमेरिकेच्या बाद फेरीत मला मनापासून पटलेली गोष्ट ही एकच, म्हणून ती तेवढी उचलली.

यंदा काय व्हावं? मंगाफ पहिला. अब्बासियाचे दोन्ही संघ दुसरे-तिसरे. आणि आमचा खैतानचा संघ, मी कॅप्टन, रडतखडत चौथा. जुना नियम असता तर आम्ही खैतानचे पहिले म्हणून मानानं आत, आणि मैदानाची पाळीही यंदा खैतानचीच होती. माझ्या नियमानं आम्ही मंगाफला पाहुणे.

सराव संपल्यावर पोरींनी मला घेरलं. एकजण म्हणाली, “वहिनी, तुमच्या मिनेसोटानं आमचं वाटोळं केलं.” सगळ्या हसल्या. नाझिया हसली नाही.

नाझिया आमची सगळ्यात जोरकस खेळाडू. दापोलीकडची. तिचा नवरा कमाल आमच्या मैदानासमोरच बकाला चालवतो, म्हणजे किराणा दुकान; मुलगी इक्रा यंदा दहावीत. मैदान कसलं, बिल्डिंगांमधली मोकळी जागा, दोन खांबांना जाळी. ती जाळी गुंडाळता गुंडाळता म्हणाली, “ताई, परीक्षा झाल्या की मी इक्राला घेऊन गावी जातंय. अकरावी तिथंच करायची. कमाल इथंच राहणार.”

“कायमची?”

“कायमचीच की. यांनी मला कधी सामन्यात बघितलंच नाही. सगळे सामने अब्बासियाला, आणि शुक्रवारी नमाजनंतर दुकानात पाय ठेवायला जागा नसते. मला वाटलेलं, उपांत्य फेरी इथं झाली तर गल्ल्यावरून तरी बघतील.”

“रोज सराव बघतोच की तो.”

“सरावात मी काय, गुमान चेंडू देते. सामन्यात मी येगळी असते.” मग लगेच म्हणाली, “राहू दे. नियम तो नियम.”

ती भांडली असती तर मी दुप्पट भांडले असते. हे ‘राहू दे’ मला झेपत नाही.

त्याच संध्याकाळी जयरामभाऊंचा फोन. “वहिनी, काही पोरींचं म्हणणं आलंय. करू का जुना नियम परत? तुम्ही हो म्हणा, कुणी तोंड उघडणार नाही. तुमच्यापुढे कोण उघडतंय?”

“मग बाहेर कोण जाईल?”

“अब्बासियाचा दुसरा संघ. त्या नर्सेस.”

पुन्हा त्याच! खोटं कशाला सांगू, मी तोंड उघडलं होतं ते ‘हो’ म्हणायलाच. एक शब्द, आणि सामना कमालच्या दुकानासमोर. पण मग मी मिनेसोटासाठी कुठल्या तोंडानं बोंबलायचं? आपल्यावर आलं की नियम वाकवायचा, तर सोयीचा नियम धरून बसणाऱ्या त्या अमेरिकेतल्या संघमालकांत आणि माझ्यात फरक काय राहिला? त्यांच्याकडे निदान स्टेडियम तरी आहेत.

“नियम राहील,” मी म्हटलं आणि फोन आपटला. मग तासभर घरात भांडी आपटली.

अरुणकुमार म्हणाला, “पण प्रश्न मैदानाचा आहे की कमालच्या शटरचा?”

वीस वर्षांत हा माणूस पहिल्यांदा ‘हं’च्या पुढे गेला होता. मी तशीच चपला घालून खाली गेले.

कमाल खुबूसची, म्हणजे अरबी रोट्यांची, पाकिटं रचत होता. मी दारातूनच सुरुवात केली. “कमालभाई, शुक्रवारी दुपारी दुकान बंद ठेवा. मंगाफला यायचंय.”

“वहिनी, वल्ला, शुक्रवार म्हणजे माझा आठवडा असतो. आणि हाताखालचा माणूस सुट्टीवर गेलाय.”

“बायको कायमची चाललीय, माहितेय ना?”

“माहितेय म्हणून तर दुकान चालवायचंय.” तो पाकिटांकडे बघतच बोलला. “तिकडं शाळा, घर... ते मी बघून थोडंच चालतंय? खेळ नंतर कधीतरी बघू.”

“कधी? दापोलीत जाळी बांधणार आहात?”

त्यानं हातातलं पाकीट खाली ठेवलं. मी म्हटलं, “दुकान चालू राहील. गल्ल्यावर अरुणकुमार बसेल.”

“बँकेचे साहेब?” कमाल पहिल्यांदा हसला. “त्यांना खुबूस आणि पाव यातला फरक कळतो का?”

“नाही. पण हिशोब चोख ठेवतील.”

वर येऊन मी अरुणकुमारला त्याची नवी नेमणूक सांगितली. तो म्हणाला, “हं.”

शुक्रवारी मंगाफला मी जांभळी जर्सी घालून उतरले. समुद्रावरून गार वारा, जानेवारीतलं मऊ ऊन, आणि मंगाफच्या बायका ताटं-चमचे घेऊन बडवायला बसलेल्या. घरचं मैदान म्हणतात ते हेच. आमच्या बाजूला प्रेक्षक एकच, इस्त्रीच्या शर्टातला कमाल.

त्याला थ्रोबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. मंगाफच्या गुणालाही टाळ्या वाजवत होता. पहिला सेट आम्ही हरलो, तेव्हा त्यानं मला अंगठा दाखवला. मी ओरडले, “अहो, हरलोय आपण!” मंगाफच्या बायका हसून लोळल्या.

मग दुसऱ्या सेटला नाझिया सुटली. ओढणी कंबरेला खोचली, चेंडू दोन्ही हातांत झेलला आणि त्याच दमात उडी मारून पलीकडच्या कोपऱ्यात भिरकावला. पुन्हा. पुन्हा. वर मंगाफच्या कॅप्टनला म्हणाली, “ताट ठेव गो, चेंडू झेल आधी.” सरावात जिच्या तोंडातून शब्द फुटत नाही, ती बाई! कमालच्या टाळ्या थांबल्या होत्या. तो उभा राहिला आणि मग बसलाच नाही.

सेट आम्ही घेतला. तिसरा मंगाफनं घेतला, दोनच गुणांनी. पहिला नंबर चौथ्याला हरवून पुढं गेला. जसं व्हायला हवं तसंच झालं, आणि तरी मला इतका संताप आला की मी पाण्याच्या बाटलीला लाथ मारली.

परतताना गाडी मी चालवत होते. मागे कमाल आणि नाझिया. अरुणकुमारचा मेसेज आला होता: प्रत्येक गिऱ्हाइकाला हातानं लिहून पावती दिल्यामुळे रांग रस्त्यापर्यंत गेली आहे, लोक शिव्या देत आहेत, लवकर या. नाझियानं तो वाचून दाखवला आणि हसता हसता तिला ठसका लागला.

कमाल मात्र बाहेर बघत होता. मग म्हणाला, “ती कोपऱ्यात मारतेस ती... कधी शिकलीस?”

“चार वर्षं झाली.”

“पुढच्या शुक्रवारी कुठं आहे?”

“काय?”

“सामना. मी येतो ना. साहेब बसतील दुकानात.”

नाझियानं त्याच्याकडे बघितलं. “पुढचा नाही. हरलो की संपलं.”

“म्हणजे एकच?”

“एकच.”

तो पुढं वाकून मला म्हणाला, “वहिनी, हा नियम कुणी केला?”

“मी.”

“वाईट आहे,” तो म्हणाला.

त्या नियमाच्या बाजूनं माझ्याकडे तासभर पुरेल एवढं बोलणं आहे. पण आरशात बघितलं तर नाझियानं चप्पल काढून पाय वर घेतले होते, आणि कमाल तिचा सुजलेला अंगठा हातात धरून बसला होता. मी उजवीकडच्या संथ लेनमध्ये गाडी घेतली आणि खैतानपर्यंत तिथंच ठेवली.