डावखुरी गाठ

ती गाठ अजून तिथेच होती — पॉवर टिलरच्या मुठीखाली, चिखल वाळून दगड झालेली, बोटाच्या पेराएवढी. दोरी गेल्या वर्षी विळ्याने कापली होती, घाईघाईत, सगळे ओरडत असताना. उरलेल्या गाठीकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. त्याचं गेलं होतं.

मुठीखालची कळ दाबून धरली की यंत्र चालतं, सोडली की जागच्या जागी थांबतं. एवढंच. पण भाताची चिखलणी म्हणजे दिवसभर गुडघाभर गाळात त्याच्या मागे फरफटायचं, मनगट भरून येतं, म्हणून सगळेच कळ दोरीने बांधून टाकतात... सगळेच! हे ‘सगळेच’ त्याने वर्षभर स्वतःला किती वेळा ऐकवलं असेल. दादा मात्र बांधत नसे. “अरे, माणूस पडला तर यंत्राला कळायला नको?” म्हणायचा. आणि त्या दिवशी दादा चहाला बांधावर बसला असताना यानेच — दादाचं मनगट सुजलेलं पाहवेना म्हणूनच की! — दोन वेढे देऊन कळ आवळून टाकली. “घे, आता राजासारखा चाल.” दादा हसला, आणि तसाच शेतात उतरला. कोपऱ्यावर यंत्र मागे घेताना त्याचा पाय गाळात रुतला, तो उताणा पडला, आणि यंत्र येतच राहिलं. “हट्टी माणूस, स्वतःच बांधली असणार,” तेराव्याला आलेले लोक म्हणाले. हा गप्प बसला. वहिनीही गप्पच होती.

“कुणा डावखुऱ्याचे हे उद्योग?” आज यंत्र चालू करून द्यायला आलेला मिस्त्री पक्कड घेऊन वैतागला होता. “उलटी मारलीय. जाम सुटत नाही.”

“तोडा,” वहिनी म्हणाली. पदर खोचून ती पाण्यात उभी होती. रोपं वाढून चालली होती, दिराने वर्षभर यंत्राला हात लावला नव्हता. मग आज तीच चालवणार होती. “आणि कळ मोकळीच ठेवा. हात मोडला तरी चालेल.”

गाठ तुटून पाण्यात पडली. वहिनीने वाकून ती शोधली, धुतली, कमरेला खोचली. का? कशाला हवी तिला ती...

यंत्र सुरू झालं तसा तो पाठ फिरवून रोपांच्या जुड्या बांधायला बसला. इंजिनाचा आवाज चढला, जड झाला, आणि त्याला दादाचं धापा टाकणं ऐकू यायला लागलं — मेल्या, ऐकू नकोस, काम कर. डावा हात त्याने मांडीखाली दाबून ठेवला आणि उजव्याने, दातांत गवताची काडी धरून, जुडी बांधायला घेतली. सुटली. पुन्हा बांधली. पुन्हा सुटली.

पाठीमागे चाकं थांबली. इंजिन हळू घुरघुरत राहिलं.

“भाऊजी, आज उजव्या हाताने?”

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, देवा! ती विचारत होती की सांगत होती? की वर्षभर त्याला ताट वाढताना तिला ठाऊकच होतं, आणि ती नुसती वाट पाहत होती? त्याने मान वळवली. तिचा हात मुठीवर होता, बोटं मोकळी. एकदा तिने कळ दाबली की आवाज वाढेल, आणि मग वर्षभर गिळला तसा हाही दिवस गिळता येईल... दाबू नका, वहिनी. अजून थोडा वेळ दाबू नका, एवढंच त्याला वाटत राहिलं. आणि मांडीखालचा हात, मुंग्या आलेला, त्याने हळूच बाहेर काढला.