लढतीआधीच छापलेलं अभिनंदन

मी फ्लेक्स बोलतोय. वीस बाय दहा फुटांचा, एकेकाळी सोलापुरातल्या एका चौकात टांगलेला. आम्हा फ्लेक्सना तशी बोलायची गरज नसते. आमच्या अंगावर लिहिलेलं असतंच, आणि ते बहुतेक वेळा खोटं असतं. ज्याला त्याच्या गल्लीतलं कुत्रं ओळखत नाही, त्याला आम्ही युवकांचा आधारस्तंभ करून सोडतो. पण मी एकदा एक खरी गोष्ट पाहिली आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा जन्म एका शुक्रवारी छपाईच्या दुकानात झाला. माझ्यावर लिहिलं होतं : 'जिल्हा बॉक्सिंग स्पर्धेत सलग चौथ्यांदा अजिंक्यपद पटकावल्याबद्दल कु. ऋतुजा हिचे हार्दिक अभिनंदन!' लढत रविवारी होती. दुकानदार जरा चाचरला. त्यावर चौकातल्या मंडळाचे अध्यक्ष तिप्पण्णा मालक हसून म्हणाले, "अहो, तीन वर्षं जिंकतीय ती. ह्या वर्षी काय येगळं होतंय? आन् रविवारी तुमचं दुकान बंद असतंय की!"

दुकानदाराने यंत्र सुरू केलं. मी छापला गेलो.

माझ्यावर एकंदर सत्तावीस चेहरे होते. सर्वांत मोठा मालकांचा, गॉगल लावलेला. त्याखालोखाल शुभेच्छुक, प्रत्येक जण कानाला मोबाइल लावलेला, जणू जिल्ह्याचा कारभार त्याच एका फोनवर चाललाय. आणि खाली डाव्या कोपऱ्यात, उजवा हात उंच केलेली ऋतुजा. तो फोटोही खास काढून घेतलेला. मालक तिला म्हणाले होते, "हात वर कर. आजून वर. जिंकल्यावानी दिस की जरा."

ऋतुजा माढ्याकडची, मेंढपाळांची पोर. वय अठरा. शहरात राहून ती इलाहीबक्ष वस्तादांच्या तालमीत बॉक्सिंग शिकायची. तिथेच तिची जोडीदारीण शाइस्ता, रिक्षावाल्याची मुलगी. रोज सकाळी दोघी एकमेकींच्या ठोशांपुढे उभ्या राहायच्या आणि मग एकाच ताटात पोहे खायच्या. यंदा अंतिम लढतीत समोरासमोर आल्या त्याही याच दोघी. जिंकणारी राज्य स्पर्धेला पुण्याला जाणार होती, आणि पुण्याचं स्वप्न ऋतुजा चार वर्षं उशाशी घेऊन झोपत होती. तिन्ही वेळा जिल्हा जिंकूनही कधी आजारपण, कधी परीक्षा, असं काहीतरी आडवं आलं होतं. कनिष्ठ गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष होतं.

रविवारी दुपारी मला रिंगच्या अगदी समोर बांधलं. शेजारी हलगीवाले बसवले, गुलालाची पोती फोडून ठेवली. मालकांचा हुकूम होता, लढत संपली रे संपली की एक क्षणही वाया घालवायचा नाही.

तिसरी, म्हणजे शेवटची फेरी सुरू झाली तेव्हा ऋतुजा गुणांनी पुढे होती. फेरी संपायला दहा सेकंद उरले की लाकडावर दोनदा ठोकून खेळाडूंना इशारा देतात. तो इशारा झाला, ठक ठक! बॉक्सिंगमधलं काहीही न कळणाऱ्या आमच्या मंडळाला वाटलं, संपलं! हलगी कडाडली. गुलाल उधळला. ऋतुजाने वर पाहिलं, थेट माझ्याकडे. आणि माझ्यावरच्या फोटोसारखाच तिने उजवा हात उंच केला.

शाइस्ताने मोकळ्या हनुवटीवर ठोसा मारला. ऋतुजा पडली आणि दहा मोजेपर्यंत उठली नाही.

फेरी संपल्याची घंटा वाजली नव्हती. मी समोरच होतो, मला स्वच्छ दिसत होतं. मला फार वाईट वाटलं. त्या पोरीला हात वर करायला मीच शिकवलं होतं.

आता तुम्हाला वाटेल, मंडळ ओशाळलं असेल. छे! संध्याकाळपर्यंत चौकात ठरलंसुद्धा की ऋतुजाला फसवून पाडलं. मोबाइलवर पन्नास जणांनी चित्रण केलं होतं, पण सगळ्यांत नुसती हलगी ऐकू येत होती, त्यामुळे ज्याला जे ऐकायचं ते त्याने ऐकलं. दुसऱ्या दिवशी मला चौकात टांगलं आणि माझ्या अंगावर एक पट्टी चिकटवली गेली : 'फेरलढत झालीच पाहिजे!' 'हार्दिक अभिनंदन' मात्र तसंच राहिलं, कारण पट्टी तिथवर पुरली नाही. जाणारे-येणारे मला वाचायचे आणि गोंधळून पुढे जायचे.

मालकांनी तक्रार अर्ज लिहून आणला. 'घंटा झाल्यानंतर प्रतिस्पर्धी खेळाडूने ठोसा मारला, सबब फेरलढत घ्यावी.' स्पर्धा समितीतले दोघे मालकांच्या पंगतीतले, म्हणजे फेरलढत मिळणार हे नक्की. फक्त खाली खेळाडूची सही हवी होती. सही केली तर पंधरा दिवसांत पुन्हा लढत आणि पुण्याची संधी. नाही केली तर पुढच्या वर्षी मोठ्या गटात, पहिल्या फेरीपासून सुरुवात.

मंगळवारी सगळे माझ्याखाली जमले. ऋतुजाची हनुवटी अजून सुजलेली होती. गावाहून तिची आई केराबाई आली होती. तिने लेकीकडे पाहिलं, मग बराच वेळ माझ्याकडे पाहिलं.

"मालक, ह्यो वर बांधलेला कागद नंतर काय करताय?" तिने विचारलं. "मेंढरांच्या वाड्यावर टाकाया लई झ्याक हाय."

"मावशी, आदी पोरीला सही कराया सांगा," मालक वैतागून म्हणाले.

"कर की गं सही," केराबाई म्हणाली. "लई दिसांचं सपान हाय तुजं."

ऋतुजाने वस्तादांकडे पाहिलं. इलाहीबक्ष वस्ताद शांतपणे म्हणाले, "बेटा, घंटेपाशी मीच बसलो होतो. माझ्या तोंडनं खोटं निघणार नाय. पण सही तुझी हाय, तू ठरव."

तिने पेन हातात घेतलं. खरं सांगतो, तिला सही करायची होती. तिचा हात कागदावर टेकलाही होता. तेवढ्यात गर्दीच्या कडेला उभी असलेली शाइस्ता तिला दिसली. एकटीच आली होती.

"शाइस्ता, घंटा झाल्ती का गं?"

"नव्हती," शाइस्ता म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "तू हात का काढलास तोंडावरनं? रोज तूच मला वरडायचीस ना, हनुवटी झाक म्हणून?"

ऋतुजा रडली. मग तिने पेन मालकांच्या हातात परत दिलं.

"मालक, फेरलढत मला पायजेच हाय. पण ही न्हवं."

मालकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. माझ्यावर छापलेल्या चेहऱ्याशी तो मुळीच जुळत नव्हता. "हिच्यासाठी आमी एवढं केलं," असं म्हणत ते निघून गेले आणि त्यांच्यामागे पंचवीस शुभेच्छुकही पांगले. मला खाली उतरवून केराबाईने घडी घातली आणि एसटीतून गावी आणलं.

तेव्हापासून मी मेंढरांच्या वाड्यावर छत होऊन पडलो आहे, छापील बाजू खाली. मेंढरं मान वर करून मालकांकडे बघत रवंथ करतात. इतकी निष्ठेने ऐकणारी सभा त्यांना शहरात कधी मिळाली नसेल. एका कोकराने त्यांचा गॉगल चावून टाकला.

शाइस्ता पुण्याहून रौप्यपदक घेऊन आली. तिचा फ्लेक्स कुणी छापला नाही. चौकातल्या शुभेच्छुकांना त्या आठवड्यात नेमकी सवड नव्हती म्हणे.

ऋतुजा सुट्टीत गावी आली की वाड्याशेजारी सराव करते. केराबाई तिथेच बसते आणि मनात येईल तेव्हा पितळी बडवते, आरोळ्या ठोकते, "जिंकलीस गं माजे बाय!" म्हणून ओरडते. लेकीने हनुवटीवरचे हात काढायचे नाहीत. म्होरक्या मेंढ्याच्या गळ्यातली घंटा केराबाई हलवेल तेव्हाच काढायचे. पहिले काही दिवस ऋतुजा फसायची. आता फसत नाही.

वर्ष झालं. मोठ्या गटात पहिल्या फेरीपासून लढत दोघीही अंतिम फेरीत पोहोचल्या आहेत. रविवारी ऋतुजा आणि शाइस्ता पुन्हा समोरासमोर येतील. काल तिप्पण्णा मालक गाडी घेऊन वाड्यावर आले. सोबत फोटोग्राफर.

"झालं गेलं इसर. हात वर करून एक फोटो दे. शुक्रवारी छापाया टाकायचाय."

ऋतुजाने दोन्ही मुठी हनुवटीपाशी धरल्या. "काढायचा आसंल तर आसा काढा."

"आगं, ह्यात तू जिंकल्यावानी कुटं दिसतीस?"

"आजून जिंकले कुटंय?"

मालक फोटो न घेताच गेले. जाताना त्यांनी वाकून छताखाली पाहिलं आणि स्वतःचा गॉगल शोधत क्षणभर थांबले.

वाचकहो, माझं एवढं ऐका. पुढच्या वेळी कुणाचं अभिनंदन छापायला निघालात तर आधी घंटा होऊ द्या. मी जन्मलो तोच निकाल अंगावर घेऊन. या रविवारी कोण जिंकणार, हे मात्र मला ठाऊक नाही, आणि ते ऐकण्यासाठी मी आयुष्यात पहिल्यांदाच कान लावून बसलो आहे.